बिनपाण्यानं

रुवैसचा कॅम्प, बी ब्लॉक, खोली एकोणीस.
पहाटे पावणेचारला तीन माणसं एका आरशासमोर.
आरसा बसचा आहे, भंगारातून आणलेला,
त्यात जवळचं लांब दिसतं,
म्हणून गाल ज्यानं त्यानं चाचपून ओळखायचा.

परकार म्हणतो, रेझर महत्त्वाचा.
त्याचा पितळी. मुठीवरची नक्षी झिजून गुळगुळीत.
बापानं बहात्तर साली दुबईत लाँचमधून उतरल्यावर
पहिल्या मजुरीत घेतलेला.
"वजन बघ. दाबायचं नाय. हा आपला आपण उतरतो,
बाणकोटच्या खाडीत ओहोटीला होडी सुटते तसा."

रोमेल म्हणतो, ब्लेड. बाकी सगळं लाकूड.
त्याचा दांडा दोन दिरहमचा, प्लास्टिकचा,
पण पाती मेणकागदातली, चौथ्या दिवशी नवं,
पगार लांबला तरी नवं.

मी दोघांकडून उसनं घेऊन पाहिलं.
परकारचा रेझर, आत त्याचंच नवव्या दिवसाचं पातं:
केस कापले नाहीत, उपटले.
रोमेलचं कोरं पातं, माझा डुगडुगता दांडा:
हनुवटीखाली लाल आडवी रेघ,
बेरजेच्या खाली मारतात तशी.
बेरीज मात्र कुणी मांडली नाही.

इथे दाढी करणं ही हौस नाही.
युनिटात शिरायचं तर मास्क चेहऱ्याला चिकटायला हवा.
एक खुंट राहिला तरी रबर आणि कातडीत फट राहते,
आणि त्या वायूला तेवढी फट पुष्कळ.
फाटकावर सुदानी इद्रीस
हाताची पालथी बाजू गालावरून फिरवतो,
सुतार रंधलेल्या फळीवरून फिरवतो तशी.
खरखर लागली की मागे फीर. दिवस गेला.

परकारला खरं तर दाढी ठेवायची आहे.
बावीस वर्षं तो रोज ती काढतो
आणि रोज आरशात पुटपुटतो,
"थांब गो जरा. घरी गेलो की."

आणि पाणी? त्याचं कुणी नावच घेत नाही.
जूनमध्ये थंड नळाला चहाचं आधण येतं,
गच्चीवरची टाकी दिवसभर शेकलेली.
म्हणून आम्ही हीटर बंद ठेवतो
आणि गार पाणी गरम नळातून घेतो.
नव्या पोराला हे सांगितलं की तो हसतो.
आठवड्यात हसायचा थांबतो.

एकदा टँकर आलाच नाही. नळ दोन्ही खोकले.
बिनपाण्यानं करायची वेळ आली,
तशी सवय होती म्हणा,
ओव्हरटाइमची कंपनीनं तशीच केली होती.
शेवटी फ्लास्कमधला कालचा कोरा चहा निघाला.
परकारनं आपल्या रेझरमध्ये रोमेलचं नवं पातं घातलं,
मला पत्र्याच्या पेटीवर बसवलं,
चहानं गाल भिजवले, दोन बोटांनी कातडी ताणली
आणि एक शब्द न बोलता उतरत गेला.
मग रोमेलची. मग स्वतःची, आरशाकडे न बघता.

इद्रीसचा हात माझ्या गालावर थांबला.
त्यानं वास घेतला. म्हणाला, "शाय?"
आणि सोडलं.

बसमध्ये पुन्हा तेच.
बघ, रेझर. बघ, ब्लेड.
न्हाव्याचा उकिरडा, उकरावा तितके केस.
मी परकारच्या हाताकडे बघत होतो.
तो मांडीवर पडला होता, झोपलेला.

नोव्हेंबरात परकार गेला. रेझर घेऊन गेला.
काल फोटो आला: अंगणात खुर्ची, दाढी छातीला टेकायला निघालेली,
पांढरी. सगळी पांढरी.
बिचारी बावीस वर्षं थांबली,
काळी व्हायची तेवढी राहून गेली.

आरशात आता दोघांना जागा ऐसपैस आहे.
रोमेलनं पाकिटातलं एक पातं
काही न सांगता फळीच्या टोकाला काढून ठेवलंय,
जिथे पितळी रेझर असायचा.
इथली हवा दमट. त्याच्या कडेला
तांबूस काहीतरी धरायला लागलंय.